पुराने वसवलेली अरण्ये

काळ्या पॉप्लरचे बी अगदी बारीक असते आणि त्याच्या गाठीला शिदोरी जवळजवळ नसतेच. मे-जूनमध्ये कापसाच्या पुंजक्याला लटकून ते निघते, वाऱ्यावर उडते, पाण्यावर तरंगते आणि थोड्याच दिवसांत त्याची रुजण्याची ताकद संपते. तेवढ्या अवधीत त्याला ओला, उघडा, नुकताच साचलेला गाळ गाठावा लागतो. वर सावली चालत नाही, शेजारी दाटीचे गवतही चालत नाही. आल्प्समधले बर्फ वितळून राईन आणि डॅन्यूबला येणारे उन्हाळी पाणी ओसरू लागते, ते नेमके याच सुमारास. पॉप्लरने आपले वेळापत्रक नदीच्या वेळापत्रकाला बांधून घेतले आहे.

पण रुजणे ही निम्मीच लढाई. पूर ओसरतो तशी गाळाखालची पाण्याची पातळीही खाली जाते आणि कोवळ्या मुळाला तिच्या मागे धावावे लागते. कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात पॉप्लरच्या तिथल्या जातींवर काम करणाऱ्या जॉन महोनी आणि स्टुअर्ट रूड यांनी १९९८ साली या शर्यतीचा वेग मांडला. पातळी दिवसाला साधारण अडीच सेंटिमीटरपेक्षा जास्त वेगाने उतरली, तर मूळ मागे पडते आणि रोप वाळते. धरणाचा विसर्ग एकदम बंद केला, तर खालच्या काठावरची त्या वर्षीची अख्खी पिढी जाते. तोच विसर्ग टप्प्याटप्प्याने कमी केला, तर ती वाचते. अल्बर्टातल्या ओल्डमन नदीवर १९९५च्या पुरानंतर हे प्रत्यक्ष करून पाहण्यात आले. काही दिवसांच्या विसर्गावर शंभर वर्षांचे झाड ठरते, ही गोष्ट एकदा ध्यानात आली की या पुस्तकाचा विषय निम्मा समजला म्हणायला हरकत नाही.

विषय आहे समशीतोष्ण प्रदेशातल्या नद्यांच्या पूरमैदानांवरची अरण्ये आणि त्यांतले वनस्पती-समुदाय. अशी अरण्ये उत्तर अमेरिकेत आहेत, पूर्व आशियात आहेत. या लेखसंग्रहाने मात्र आपले क्षेत्र युरोपपुरते आखून घेतले आहे. राईन, डॅन्यूब, एल्ब, सावा, तालियामेंतो या मुख्य नद्या आणि जोडीला काही लहान. ही निवड योग्यच म्हणावी लागेल. पूरमैदानातल्या अरण्यांचा इतका बारकाईने अभ्यास दुसरीकडे क्वचितच झाला असेल, आणि इतका पद्धतशीर नाशही.

नवख्या वाचकाने आधी पाण्यापासून वर चढत जाणारी ही वस्ती नजरेखालून घालावी. अगदी खाली, उन्हाळ्याच्या अखेरीस उघड्या पडणाऱ्या चिखलावर, दोन-तीन महिन्यांत आयुष्य उरकणाऱ्या वर्षायू वनस्पती असतात. त्यांच्या वर झुडपी विलो. त्यांच्या फांद्या इतक्या लवचिक की पूर अंगावरून गेला तरी त्या आडव्या होऊन पुन्हा उठतात. युरोपातल्या टोपल्या विणणाऱ्यांचा माल इथलाच. आणखी वर पांढरा विलो आणि काळा पॉप्लर यांचे उंच रान. विलो महाराष्ट्राला अगदीच परका नाही. ओढ्या-नद्यांच्या काठी वाढणारा आपला वाळुंज याच कुळातला. वर्षातले कित्येक आठवडे, प्रसंगी महिने पाण्यात उभे राहणे या झाडांच्या पाचवीला पुजलेले असते. वायू पाण्यातून हवेपेक्षा सुमारे दहा हजार पटींनी सावकाश पसरतो. त्यामुळे बुडालेल्या मातीतली मुळे गुदमरतात. विलो खोडावरच नवी मुळे फोडतो आणि आतल्या पोकळ ऊतींमधून हवा खाली पोचवतो. मोडून वाहून गेलेली त्याची फांदीही पुढच्या वळणावर गाळात रुतली की झाड होते.

विलो-पॉप्लरच्या या पट्ट्याला युरोपातले वनाधिकारी मऊ लाकडाचे पूरवन म्हणतात. त्याच्या वर, कधी केवळ एक-दोन मीटर उंचीवर, कठीण लाकडाचे पूरवन सुरू होते. तिथे ओक, एल्म आणि अ‍ॅश यांचे राज्य. पाणी येते ते काही दिवस, फार तर काही आठवडे, आणि काही वर्षी येतही नाही. या रानाची श्रीमंती त्याच्या मजल्यांत आहे. वर ओक, मध्ये एल्म, खाली काटेरी झुडपे, आणि सगळ्यांना गुरफटून वर जाणाऱ्या वेली: आयव्ही, हॉप्स, मोरवेलीची युरोपीय बहीण आणि रानटी द्राक्ष. स्ट्रासबर्गचे वनस्पतिशास्त्रज्ञ रोलां कार्बिएने यांनी राईनकाठच्या रानांचा आयुष्यभर अभ्यास केला. त्यांचे काम वाचताना आपण समशीतोष्ण युरोपात आहोत की उष्ण कटिबंधात, असा संभ्रम पडावा, इतकी तिथल्या वेलींची गर्दी. यातला रानटी द्राक्षवेल म्हणजे नाशिकच्या मळ्यांतल्या द्राक्षाचा मूळपुरुष. मळ्यातल्या वेलीच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही अवयव असतात. रानवेलीत नर वेल वेगळा, मादी वेल वेगळी. आज जर्मनीत राईनकाठी केत्शच्या बेटावर आणि व्हिएन्नाजवळ लोबाउच्या रानात तो तग धरून आहे, मध्य युरोपात बाकी फारसा कुठे नाही.

मुख्य प्रवाहापासून दूर, जुन्या वळणांच्या तुंबलेल्या भागांत ऑल्डर वाढतो. त्याच्या मुळांवरच्या गाठींत हवेतला नत्र धरणारे जिवाणू राहतात, म्हणून तो नापीक दलदलीतही तगतो. क्रोएशियात सावा नदीकाठी लोन्स्को पोल्ये इथे अरुंद पानांचा अ‍ॅश महिनोन्महिने पाण्यात उभा असतो आणि त्याच्या पायाशी वसंतात पांढऱ्या घंटांसारखी फुले येतात. याच रानांत शेतकरी अजूनही ओकच्या फळांवर डुकरे चारतात. ‘मानवाने न स्पर्शलेले अरण्य’ शोधायला आलेल्या माणसाची इथे थोडी पंचाईत होते.

आता या सगळ्याला नावे कोणी दिली, त्याकडे वळू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकच रान पाहून दोन अभ्यासक दोन वेगळी नावे लिहीत. स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या आणि पुढे फ्रान्समधल्या मोंपेलिएत स्थिरावलेल्या जोसियास ब्राउन-ब्लांके यांनी यावर शिस्त आणली. त्यांचा ‘वनस्पती-समाजशास्त्र’ हा ग्रंथ १९२८चा. पद्धत वरकरणी साधी आहे. रानात एकसारखा दिसणारा तुकडा निवडायचा, दोऱ्या टाकून त्याची हद्द आखायची, आतली एकूण एक जात लिहायची आणि प्रत्येकीने किती जमीन झाकली आहे ते एका चिन्हाने नोंदवायचे. तीन-चतुर्थांशाहून जास्त झाकली तर ५, तुरळक असेल तर अधिकचे चिन्ह. अशा शेकडो याद्या मोठ्या तक्त्यात मांडून रांगा आणि रकाने पुन्हा पुन्हा हलवायचे. एकत्र राहणाऱ्या जाती हळूहळू एकत्र गोळा होतात आणि तक्त्यात समुदाय दिसू लागतो. संगणकापूर्वीच्या काळात हे काम कात्री, डिंक आणि अमाप चिकाटीचे होते.

या परंपरेतूनच ओक-एल्मच्या रानाला ‘क्वेर्को-उल्मेटुम’ हे नाव मिळाले; कोल्मारचे एमिल इस्लर यांनी अल्सासमधल्या रानांवरून ते दिले. ऑस्ट्रियात एल्फ्रूने वेंडेलबेर्गर-त्सेलिंका यांनी वाल्झेजवळच्या डॅन्यूबकाठचा सविस्तर अभ्यास १९५२ साली छापला, तर १९५८ साली माक्स मोर यांनी स्विस नद्यांचे समुदाय मांडले. जर्मनीत राइनहोल्ड ट्यूक्सेन यांनी १९५६ साली एक गोळीबंद कल्पना पुढे आणली: माणसाचा हात आज थांबला तर इथे कोणते रान येईल, त्याचा नकाशा काढायचा. कल्पना आकर्षक खरी, पण नदीकाठी तिचे पाय लटपटतात. माणसाचा हात थांबला तरी नदीचा तळ माणसाने आधीच खोल नेलेला असतो. मग तिथे ‘नैसर्गिक’ काय समजायचे? हाइन्झ एलेनबेर्ग यांची वाट जास्त व्यवहारी होती. त्यांनी मध्य युरोपातल्या वनस्पतींना ओलावा, प्रकाश, नत्र अशा गोष्टींच्या पट्ट्यांवर आकडे दिले. ओलाव्याची पट्टी १ ते १२. रानात यंत्र न नेता केवळ जातींच्या यादीवरून जमिनीचा स्वभाव सांगता येऊ लागला.

अटलांटिकच्या पलीकडे वेगळेच भांडण रंगले होते. फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनी १९१६ साली वनस्पती-समुदायाला जन्मणारा, वाढणारा, प्रौढ होणारा सजीव मानले. हेन्री ग्लीसन यांनी १९२६ साली ते साफ नाकारले. त्यांच्या मते प्रत्येक जात आपापल्या गरजेनुसार आपापली जागा शोधते आणि ‘समुदाय’ हा योगायोगाने जमलेला घोळका असतो. अनेक दशके त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. पूरमैदानात उभे राहिले तर ग्लीसन यांचे म्हणणे पटू लागते, कारण ओकच्या रानाखाली काल विलोचे रान होते आणि उद्या नदी तिथून वाहणार असते. तरीही मऊ लाकडाचा पट्टा संपून कठीण लाकडाचा सुरू होतो ती रेघ कधीकधी इतकी ठळक दिसते, की ब्राउन-ब्लांके यांच्या तक्त्यांना घोळका म्हणून झटकून टाकणेही धाडसाचे ठरेल.

भांडणाची कोंडी फुटली ती नदीकडे पाहण्याची रीत बदलल्यावर. वोल्फगांग युंक, पीटर बेली आणि रिचर्ड स्पार्क्स यांनी १९८९ साली पूर-स्पंदनाची कल्पना मांडली. पूर ही आपत्ती समजून बाजूला ठेवू नये. नदी आणि मैदान यांच्यातली मुख्य देवघेव तीच, असे त्यांचे सांगणे. युंक यांचा अनुभव अ‍ॅमेझॉनचा, तर स्पार्क्स यांचा इलिनॉयचा. म्हणजे समशीतोष्ण नद्यांना आपला पूर समजावून सांगण्यात विषुववृत्तावरच्या नदीचाही वाटा आहे. पुढे ईशान्य इटलीतल्या तालियामेंतो नदीवर अँजेला गर्नेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बेटे जन्माला येताना पाहिली. पुरात उपटलेला एखादा पॉप्लर गोट्यांच्या पात्रात अडकतो. खोड मेलेले नसते, त्यातून फुटवे येतात. फुटव्यांत बारीक गाळ अडकतो, त्यावर आणखी बी पडते आणि काही वर्षांत तिथे झाडीचे बेट उभे राहते. इथे झाड नदीने घडवलेल्या जमिनीवर नुसते वाढत नाही, जमीन घडवण्यात तेही सामील असते.

हे सगळे समजेपर्यंत बहुतेक नद्या बांधून झाल्या होत्या. बाडेनचा अभियंता योहान गोटफ्रीड टुला याच्या आराखड्यानुसार १८१७ साली वरच्या राईनची वळणे छाटायला सुरुवात झाली. बाझेल ते वोर्म्स हे नदीचे अंतर सुमारे ८० किलोमीटरने घटले. प्रवाहाला वेग आला, तळ खरवडला गेला आणि दक्षिणेकडच्या भागात तो कित्येक मीटर खाली गेला. भूजलही त्याच्या मागोमाग उतरले. जिथे विलोची राने होती तिथे आज काटेरी सी-बकथॉर्न आणि कोरड्या माळावरची ऑर्किड दिसतात. विसाव्या शतकात उरलेल्या भागावर कालवे आणि वीजप्रकल्प आले. इफेत्साइमचे शेवटचे धरण १९७७ साली पुरे झाले. जर्मनीत एके काळच्या पूरमैदानांपैकी सुमारे दोन-तृतीयांश जागेत आता पूर पोचत नाही.

डॅन्यूबवर एकाच नदीचे दोन शेवट पाहायला मिळतात. व्हिएन्नाच्या खाली हाइनबुर्ग इथे धरण व्हायचे होते. मे १९८४मध्ये विरोधकांनी प्राण्यांची सोंगे घेऊन पत्रकार परिषद भरवली, तेव्हा अनेकांनी ती हसण्यावारी नेली. डिसेंबरमध्ये हजारो माणसे कडाक्याच्या थंडीत रानात ठाण मांडून बसली, तेव्हा सरकारला काम थांबवावे लागले. १९९६ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झाले. तिथून थोडेच खाली, ब्रातिस्लावाच्या पलीकडे, ऑक्टोबर १९९२मध्ये चेकोस्लोव्हाकियाने गाबचिकोवो प्रकल्पासाठी डॅन्यूबचे बहुतांश पाणी कालव्यात वळवले. हंगेरीच्या बाजूच्या सिगेत्कोझमधल्या उपप्रवाहांना पाणी पुरेना. वाद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला आणि १९९७ साली निकालही लागला. नदी अजून कालव्यातूनच वाहते.

पूरवनाचा मृत्यू दिसायला फार वेळ लागतो, हे या संग्रहाचे मुख्य म्हणणे. लाइपझिग शहराच्या मधोमध ओक-अ‍ॅशचे मोठे रान आहे. वसंतात त्याच्या जमिनीवर रानलसणीचा गालिचा पसरतो आणि लोक सहकुटुंब तो पाहायला जातात. १९३०च्या दशकात नवी लुपे हा कालवा खोदल्यापासून तिथला नेहमीचा पूर बंद पडला. ओक त्यानंतरही उभे राहिले. तीनशे वर्षे जगणाऱ्या झाडाला ऐंशी-नव्वद वर्षांचा कोरडेपणा सहन होतो. पण पुरात बुडून मरणारी मेपलची रोपे आता मरत नाहीत. ती मोठी होऊन सावली धरतात आणि त्या सावलीत ओकचे पोर वाढत नाही. खुद्द रानलसणीलाही तुंबलेले पाणी सोसत नाही. पाहुण्यांना मोहवणारा तो गालिचा म्हणजे काही अंशी पूर थांबल्याचीच पावती. रानाच्या मजल्यांची घड्याळे वेगवेगळी चालतात. गवत-झुडपांचा थर वीस वर्षांत बदल सांगतो, झाडे शतकानंतर. वरचा हिरवा मांडव पाहून ‘रान शाबूत आहे’ असा शेरा मारणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणे.

त्यात रोगांनी घाई केली. एल्मचा बुरशीजन्य रोग १९२२ साली हॉलंडमध्ये बेआ श्वार्झ यांनी ओळखला. १९६०च्या दशकाअखेर त्याची दुसरी, जास्त घातक लाट आली. तीत पांढरा एल्म काहीसा बचावला, कारण रोग वाहणाऱ्या किड्यांना त्याची साल रुचत नाही. १९९२ साली पोलंडमध्ये अ‍ॅश वाळताना दिसले. पूर्व आशियातून आलेली ही बुरशी आता बहुतेक युरोपभर पसरली आहे. कठीण लाकडाच्या रानाच्या तीन खांबांपैकी दोन असे खिळखिळे झाले. काळ्या पॉप्लरवर तर घरचाच घाव बसला. लाकडासाठी लावलेल्या अमेरिकी संकरित पॉप्लरशी त्याचे परागीकरण होत राहिले आणि शुद्ध जात दुर्मीळ झाली.

परदेशातून या काठांवर आलेल्या वनस्पतींमध्ये सर्वांत देखणा पाहुणा भारतातून गेला आहे. पावसाळ्यात कोकणात आणि घाटात फुलणाऱ्या तेरड्याचा हा हिमालयातला उंच भाऊ. १८३९ साली त्याचे बी ब्रिटनला पोचले आणि बागेतून तो नदीकाठांवर उतरला. माणसापेक्षा उंच वाढतो, शेंग तडकली की बी काही मीटर दूर फेकतो, उरलेले काम पुराचे पाणी करते. २०१४ साली ब्रिटनमध्ये त्याच्यावर सोडलेली तांबेऱ्याची बुरशीही त्याच्या माहेरची, हिमालयातलीच.

हा विषय आजच मराठीत का यावा, याचे उत्तर संग्रहातल्या दोन-तीन लेखांतून आपोआप मिळते. युरोपात १९९२च्या अधिवास-निर्देशाने पूरवनांना दोन सांकेतिक क्रमांक दिले आणि संरक्षण दिले. ब्राउन-ब्लांके यांच्या तक्त्यांची ज्यांनी हिशेबनिसी म्हणून थट्टा केली, त्यांनी हे ध्यानात घ्यावे की कायद्याला नाव लागते आणि नावे या हिशेबनिसांनीच पुरवली. त्याच कायद्याची अडचणही इथेच सुरू होते. नकाशावर ‘संरक्षित विलोवन’ अशी सीमा आखली की नदीने ते खोडून शेजारी नवे घडवणे हा नियमभंग भासू लागतो, आणि नदीने तसे खोडले नाही तर विलोवन म्हातारे होऊन संपते. एल्बकाठी लेन्त्सेन इथे २००२ ते २००९ या काळात जुना बांध सोडून मागे नवा बांधला आणि ४२० हेक्टर जमीन नदीला परत दिली. राईनकाठी क्यूकोप्फला १९८३च्या पुरात बांध फुटला, तो पुन्हा बांधलाच नाही आणि शेतांच्या जागी आपोआप रान उगवले. २०२४च्या युरोपीय निसर्ग-पुनर्स्थापना कायद्याने २०३०पर्यंत २५,००० किलोमीटर नद्या अडथळ्यांतून मोकळ्या करण्याचे ध्येय ठेवले आहे. निळ्या आणि लाल पूररेषांवरून जिथे दर पावसाळ्यात वाद होतात, त्या महाराष्ट्रात हे अनुभव जसेच्या तसे लागू होणार नाहीत. इथला पूर मोसमी, इथली झाडे वेगळी. पण पूररेषेच्या आत काय वाढू द्यायचे, हा प्रश्न इथेही कधीतरी वनस्पतिशास्त्रज्ञाला विचारावा लागेल.

संग्रहाची मांडणी नदीनुसार आहे, समुदायांच्या वर्गीकरणानुसार नाही. त्यामुळे तेच ओकचे रान राईनवर वेगळे आणि सावावर वेगळे भेटते, थोडी पुनरुक्तीही होते, ती सोसावी. लॅटिन नावे लेखांत कमी आणि शेवटच्या सूचीत सगळी आहेत. मासे, पक्षी, उभयचर जवळजवळ वगळले आहेत. हे वगळणे पटले तरी बीव्हरला एक लेख हवा होता, कारण विलोच्या रानाचे हे सर्वांत उद्योगी गिऱ्हाईक युरोपात पुन्हा सर्वत्र पसरते आहे.

लाइपझिगच्या रानाचे पुढे काय करावे, या वादाच्या दोन्ही बाजू संपादकांनी शेजारी छापल्या आहेत. एका पक्षाला मेपल तोडून, उजेड पाडून ओक लावायचे आहेत. पूर्वी तिथे ओक टिकले ते लोक खालची झाडी दर काही वर्षांनी सरपणासाठी तोडत म्हणूनच, हा त्यांचा मुद्दा बिनतोड आहे. दुसऱ्या पक्षाला आधी पाणी परत हवे आहे. पाण्यावाचून लावलेले ओक म्हणजे बाग, रान नव्हे, असे त्यांचे म्हणणे. संपादकांनी कौल दिलेला नाही. प्रस्तावनाकाराचा कल दुसऱ्या बाजूकडे आहे, कारण कुऱ्हाड दर पिढीला नव्याने चालवावी लागते. वाचकाने मात्र दोन्ही लेख सलग वाचावेत, आणि पहिला आधी.